नाचरी घोडी आणि शिकाऊ स्वार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे-जूनमध्ये बदल्या होतात, कुटुंबे सोलापुरात येतात, शाळेचे प्रवेश उरकतात. मग पुण्या-बंगळुरात दोन-तीन वर्षे घोडेस्वारी शिकलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा विचारतो, 'इथे रायडिंग कुठे करायचं?' आई-वडील फोनवर शोधतात आणि जे पहिले नाव दिसेल तिथे रविवारी सकाळी जातात. बहुतेक वेळा समोर उभी असते वरातीची घोडी. तिच्यावर मुलाला बसवण्याआधी काय तपासायचे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

वरातीची घोडी वाईट नसते. ती वेगळे शिकलेली असते, एवढेच. क्लबातल्या घोड्याला लगाम आखडला की 'हळू' आणि पोटाला पाय लावला की 'पुढे' एवढे पक्के ठाऊक असते. नाचऱ्या घोडीला मात्र लगाम ताणून टाच लावली की जागच्या जागी पाय उचलायचे, आणखी ताणले की पुढचे दोन्ही पाय वर घ्यायचे, असे शिकवलेले असते. ताशाच्या ठेक्यावर ते तिच्या अंगात मुरते. आता क्लबात शिकलेले मूल काय करते? घोडी चुळबुळली की दचकून लगाम आखडते आणि तोल जाऊ नये म्हणून टाचा आवळते. म्हणजे न कळत नाचण्याचाच हुकूम देते. घोडी तो इमानाने पाळते. ती वर उठली की मूल लगामाला लटकते आणि त्या ओढीने घोडी मागे कलंडू शकते. स्वार खाली आणि घोडा वर, याहून वाईट अपघात या खेळात नाही. घोडी उठलीच तर हात पुढे सोडायचे, छाती तिच्या मानेला टेकवायची आणि मान कवटाळायची. हे मुलाला आधीच पाठ असले पाहिजे.

घोडी कोणत्या शिकवणीची आहे ते पाच मिनिटांत कळते. मालकाला स्वतः बसायला सांगा. लगाम पूर्ण सैल सोडून मैदानाच्या दोन फेऱ्या पावलांच्या चालीने मारायला लावा, मध्येच थांबवायला सांगा आणि दहापर्यंत आकडे मोजा. शांत शिकवणीचा घोडा मान खाली सोडून उभा राहतो. नाचरी घोडी दहा आकडे स्थिर राहत नाही, मान वर घेऊन खूर आपटू लागते. मग तोंडातले लोखंड पाहा. साधे, गुळगुळीत, मध्ये एक सांधा असलेले बिट ठीक. काटे किंवा खिळ्यांसारखी टोके असलेले लोखंड दिसले तर तिथूनच परत फिरा. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राने १९६५ मध्ये केलेल्या नियमांत घोडा हाकताना किंवा त्यावर बसताना काटेरी लगाम वापरायला बंदी आहे. ओठांच्या कोपऱ्यात पांढरे वण किंवा ताजी चीर असेल, तर आज साधे बिट दिसत असले तरी काल दुसरेच काही होते.

आता असा शांत घोडा शोधायचा कुठे? पाट्या आणि फोनवरचे नकाशे यांच्यापेक्षा नालबंदाला विचारावे. नाल दर सहा आठवड्यांनी बदलावे लागतात, त्यामुळे शहरात आणि आसपासच्या गावांत कुणाकडे किती घोडे आहेत, कोणता लाथा मारतो आणि कुणी नालांचे पैसे थकवले आहेत, हे सगळे त्याला माहीत असते. नालांचे पैसे थकवणाऱ्याच्या तबेल्यात खुरांची निगा कशी असेल ते सांगायला नको. दुसरा जाणकार म्हणजे घोडे तपासणारा पशुवैद्य. हौशी शेतकरी आणि बागायतदार यांच्याकडे आपल्या जिल्ह्यात चांगले घोडे आहेत. माउलींच्या रिंगणातला अश्व पाहत वाढलेला हा मुलूख आहे. अशा घरच्या तबेल्यात कधी कधी एखादा वयस्कर, समजूतदार घोडा मिळतो आणि शिकाऊ मुलासाठी तो कोणत्याही देखण्या मारवाडी घोड्याहून मोलाचा असतो. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडाही या कामाला चांगला. चणीने लहान आणि काटक असतो.

मात्र लहान चणीवर मोठे वजन नको. घोड्याचे वजन फितीने काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५५ आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे २९३ किलो येते. स्वार आणि खोगीर मिळून याच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, म्हणजे साधारण ५८ किलो. खोगिराचे आणि इतर सामानाचे आठ किलो वजा केले तर स्वार पन्नास किलोपर्यंतच. शिकाऊ मूल दुडकीत, म्हणजे क्लबातल्या भाषेत ट्रॉटमध्ये, पाठीवर आदळते, म्हणून त्याहून थोडे कमीच बरे. पंधराव्या वर्षी मुले झपाट्याने वाढतात, तेव्हा हा हिशेब दर सहा महिन्यांनी नव्याने करावा.

पहिल्या भेटीला मुलाला नेऊ नका, कारण घोडा दिसला की त्याला बाकी काही दिसत नाही. सकाळी सहाच्या सुमारास जा, खोगीर चढण्याआधी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटांवर हळूहळू दाबत मानेकडून कमरेकडे या. घोड्याने पाठ खाली घातली, कान मागे टाकले किंवा त्वचा थरथरवली तर पाठ दुखते आहे आणि दुखऱ्या पाठीचा घोडा कधी ना कधी स्वाराला उडवतोच. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे बेमापाच्या खोगिराने पडलेल्या जुन्या जखमा. कोपराच्या मागे, तंग म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा बसतो तिथे, हात फिरवा. केस गेलेली ओली जागा असेल तर तंग बुरसटलेला किंवा घामाने कडक झालेला आहे. खूर उचलायला लावा. तळाचा त्रिकोणी मऊ भाग काळा पडून त्याला कुजका वास येत असेल तर घोडा मुतलेल्या ओल्या अंथरुणात उभा असतो. खोगीर चढवून स्वार बसल्यावर खोगिराची कमान आणि पाठीचा उंचवटा यांच्यात दोन बोटे सहज जायला हवीत. तंगाचे आणि पाय अडकवायच्या रिकिबीचे पट्टे वाकवून पाहा. शिवणीजवळ तडे दिसले तर तो पट्टा नेमका दौडीत तुटतो.

कडबा हातात घेऊन वास घ्या. आपल्याकडचा ज्वारीचा कडबा घोड्याला चालतो, पण कोरडा आणि स्वच्छ हवा. भिजून पांढरी बुरशी चढलेल्या कडब्याने घोडा खोकू लागतो. हिरव्या ज्वारीवर घोडा चारणे मात्र टाळावे. त्याने मूत्राशयाचे आणि मागच्या पायांचे दुखणे लागू शकते. तीनशे किलोच्या घोड्याला रोज साडेचार ते सहा किलो कोरडी वैरण हवी.

जूनमध्ये येणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो, लग्ने थांबतात. गणपती आणि नवरात्राच्या मिरवणुका सोडल्या तर वरातीचे घोडे दिवसचे दिवस बांधून असतात. काम नाही, पण हरभरा आणि कोंडा पूर्वीइतकाच चालू असेल तर घोडा मस्तीला येतो. अशा घोड्याला एकदम तासभर पळवले तर काही वेळा पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू दगडासारखे कडक होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. घोडा अडला की त्याला चालवू नये. जागीच उभे ठेवावे, पाणी द्यावे आणि पशुवैद्याला बोलवावे. म्हणून मालकाला सरळ विचारा, 'या आठवड्यात घोडा किती दिवस फिरला?' उत्तर 'एकदाही नाही' असेल तर त्या दिवशी मुलाला बसवू नका. लग्नसराईत नेमके उलटे होते. शनिवारी रात्री चार तास वरातीत, दिव्यांच्या झगमगाटात उभा राहिलेला घोडा रविवारी सकाळी शिकवणीला आणतात. तो थकलेला, चिडलेला असतो. मुलाला बुधवार-गुरुवारची वेळ मागा.

मैदानाबद्दल लोक विचारच करत नाहीत. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकटते. भेगेत खूर अडकून पाय मुरगळतो, चिखलात नाल उपटून निघतो आणि घोड्याच्या शिरा ताणल्या जातात. खाली दाबलेला मुरूम आणि वर दोन-तीन इंच वाळू असेल तर उत्तम. बुटाची टाच जोरात दाबली की थोडी रुतावी आणि सहज निघावी. कुंपण काटेरी तारेचे असेल तर तिथे दौड शिकवू नये. शिकवणीसाठी २० बाय ४० मीटरची जागा पुरते, त्याहून मोठ्या मोकळ्या रानात सुरुवातीला मूल घोडा आवरू शकत नाही.

ऊन हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न. १९६५ च्या त्याच नियमांप्रमाणे तापमान ३७ अंशांच्या वर असताना दुपारी १२ ते ३ ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांना जुंपता येत नाही. स्वारीलाही तोच दंडक लावावा आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत खोगीर उतरवावे. घोडा तापला आहे का ते श्वासावरून पाहावे. विसावलेला घोडा मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो. नाकपुड्या किंवा कुशी पाहून सहज मोजता येतो. 'तापलेल्या घोड्यावर पाणी टाकलं की शूळ उठतो' ही समजूत अजून ऐकू येते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी उष्ण हवेतल्या घोड्यांवर झालेल्या अभ्यासाने ती खोटी ठरवली. गार पाणी भरपूर ओतावे, ओतत राहावे आणि बादलीभर प्यायलाही द्यावे.

आता मुलाची तयारी. सोडून आलेल्या घोड्याची आठवण त्याला येत असते, आणि 'मी तर तिथं उड्या मारायचो' हे तो सांगणारच. त्याचे ऐकून घ्या, पण पहिले दोन धडे लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावरच होऊ द्या. नवा घोडा, वाढलेले पाय आणि तीन महिन्यांचा खंड, या तिन्ही गोष्टी तोल बदलतात. जुन्या क्लबातून एका कागदावर लिहून आणा: कोणत्या चालीपर्यंत स्वतंत्र बसतो, शेवटचा कधी आणि कसा पडला, कोणत्या उंचीच्या घोड्यावर शिकला. रिकिबीची लांबी अशी घ्यावी: बोटांची टोके पट्ट्याच्या वरच्या कडीला टेकवली की रिकीब काखेत यावी. बुटाला दोन-अडीच सेंटिमीटर टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडल्यावर मूल फरपटते. रिकीब बुटापेक्षा अडीच सेंटिमीटर रुंद असावी. स्पोर्ट शूजमध्ये बसू देणाऱ्या ठिकाणी बाकीचेही नियम ढिलेच असतात. हेल्मेट स्वारीचेच हवे. त्यावर पीएएस ०१५ किंवा एएसटीएम एफ ११६३ असे मानक छापलेले असते. मोटारसायकलचे हेल्मेट जड असते, कान झाकते आणि मानेला झटका देते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. धनुर्वाताची लस चालू असावी.

पहिल्या सहा महिन्यांत घोडा विकत घेऊ नका, अकलूजच्या बाजारात कितीही चांगला दिसला तरी. घ्यायचाच झाला तर पशुवैद्याची तपासणी आणि ग्लँडर्सची रक्तचाचणी झाल्याशिवाय पैसे मोजू नका. हा रोग माणसालाही होतो.

शेवटी आमच्या घोडेवाल्या मित्रांना विनंती. तबेल्यात एक तरी घोडा वरातीपासून वेगळा ठेवा. त्याला फक्त सैल लगामाची चाल शिकवा आणि तीन मापांची हेल्मेटे भिंतीला टांगून ठेवा. चातुर्मासात तो घोडा बांधून उभा राहणार नाही, त्याची वैरण शिकवणीतूनच निघेल. पालक येतील, नालबंद स्वतः त्यांना तुमचे नाव सांगेल.

आपला,
एक अश्वपालक व स्वारी-शिक्षक, सोलापूर