मंडपाला मार्क द्यायचेच असतील तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती झाले की दरवर्षी वाचकांच्या पत्रांत मंडपावरून भांडण लागतं, यंदाही लागलंच. एक म्हणतो रस्ते अडवतात, खड्डे खणतात, बंद करा सगळं, दुसरा म्हणतो आमच्याच सणांवर डोळा का. मी दोन्ही वाचते, चहा संपवते, पेपर घडी करून ठेवून देते. यंदा मात्र राहवलं नाही, कारण माझ्या लक्षात आलं की इतकं भांडूनही एका गोष्टीवर दोन्हीकडचे लोक एकदम सहमत आहेत, ती म्हणजे मंडप ही ऑर्डर द्यायची गोष्ट आहे. फोन केला, डेकोरेटरचा टेम्पो आला, पाइप उभे राहिले, कापड ठोकलं, झालं. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

मी एकतीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते (हो, बायकांनाही ड्राफ्ट्समनच म्हणतात, कोणी कधी बदललं नाही आणि मीही भांडले नाही). आधी टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर, नंतर ऑटोकॅड. इतक्या बिल्डिंगांची ड्रॉइंगं काढली की मोजदाद नाही, पण स्वतःच्या हाताने चार काठ्या बांधून काही उभं केलं असेल तर शपथ. ते यंदा केलं, वयाच्या साठीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

झालं असं की गेल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली उतरले तर डेकोरेटरची माणसं पाइप भरून गेलेली आणि मागे जे उरलं होतं ते बघून तिथेच थबकले. प्लायला स्टेपल मारलेलं सॅटिनचं कापड, फाडून काढलेलं, त्यामुळे कापडही गेलं नि प्लायही गेला. फ्लेक्सचे मोठे तुकडे. नकली फुलांच्या माळा. थर्माकोलवर 2018 पासून राज्यात बंदी आहे ना, तर त्याच्या जागी फोमचे पांढरे खांब आलेले, ते पण तसेच पडलेले. आणि पेव्हर ब्लॉकमध्ये चौदा भोकं. कचऱ्याच्या गाडीवाल्याने अर्धंच नेलं, उरलेलं दसऱ्यापर्यंत जिन्याखाली पडून होतं. पैसे मात्र अकरा दिवसांचेच दिले होते.

यंदा मीटिंगमध्ये मी म्हटलं की आपणच बांधू. थोडा वेळ सगळे गप्प, मग कुणीतरी विचारलं, "काकू, पडला तर?" प्रश्न रास्त होता.

योगायोग असा की आमच्या ए विंगचं रंगकाम पावसाआधी संपलं होतं आणि बी विंगचं पावसानंतर करायचं ठरलेलं, त्यामुळे परांचीचे बांबू मागच्या भिंतीला रचून ठेवलेले होते आणि रंगाचे वीस-वीस लिटरचे रिकामे डबे तर ढिगाने. परांचीवाल्याला विचारलं की पंधरा दिवस वापरू का, तर तो म्हणाला वापरा पण कापायचा नाही एकही आणि खिळा मारायचा नाही. मला वाटतं यंदाच्या मंडपाचं खरं डिझाइन त्या एका वाक्यात झालं, मी नंतर कागदावर काढलं ते नुसतं रेघा ओढणं. कापायचं नाही म्हटल्यावर बांबू जेवढा लांब आहे तेवढा मंडप, खिळा नाही म्हटल्यावर सगळं सुंभाने, म्हणजे काथ्याच्या दोरीने, बांधायचं (तोच सुंभ, जळला तरी पीळ न जाणारा).

परांचीवाल्याचा एक माणूस, मूळचा बंगालमधल्या मालद्याचा, दोन रविवार आला, त्याला त्याची मजुरी दिली. मुलं कोरडाच सुंभ ओढायला लागली तेव्हा हसला आणि म्हणाला, "हाथ कटेगा, पहले गीला करो." बादलीत भिजवला की सुंभ मऊ होतो, बांबूला धरून बसतो. मग त्याने गाठ दाखवली, आधी दोन्ही बांबूंभोवती तिरके वेढे, मग उलट दिशेने तिरके, मग त्या दोन बांबूंच्या मधून दोन आवळवेढे, आणि शेवटचं टोक खालून खोचायचं. आठवीतली एक मुलगी तिसऱ्या गाठीला त्याच्याइतकीच घट्ट मारायला लागली, मला मात्र दुसऱ्या रविवारपर्यंत जमली नाही, बोटं सुजली ती वेगळीच. सांगाडा उभा झाला तर डुलायला लागला, सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग कोपऱ्यांत तिरके बांबू मारले आणि तो जागच्या जागी थांबला. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही, हे मी शाळेपासून ऐकतेय आणि ऑफिसात हजार वेळा काढलंय, पण हाताला ते कधी जाणवलं नव्हतं.

जमिनीत एकही भोक नाही. रंगाच्या डब्यांत रंगकामाच्या वेळी निघालेला प्लास्टरचा राबिट, म्हणजे राडारोडा, भरला, एकेक डबा तीस किलोच्या पुढे गेला, प्रत्येक खांबाच्या पायाशी असे तीन डबे बांधले. ही काही माझी अक्कल नाही. जपानमध्ये 1995 ला कोबेचा भूकंप झाला तेव्हा शिगेरू बान नावाच्या आर्किटेक्टने निर्वासितांसाठी कागदी नळ्यांची घरं केली, त्यांचा पाया म्हणजे बिअरचे प्लास्टिकचे क्रेट आणि त्यात वाळूच्या पिशव्या. आमच्या ऑफिसात एका मासिकात तो फोटो आला होता, साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवला आणि परत टॉवरचं ड्रॉइंग पुढ्यात टाकलं. त्याच कोबेत बानने कागदी नळ्यांचंच एक चर्च केलं, स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी उभारलेलं, तात्पुरतंच म्हणून, ते दहा वर्षं वापरलं लोकांनी आणि मग 2005 ला सोडवून तैवानला पाठवलं, तिथल्या भूकंपग्रस्त गावात पुन्हा उभं केलं. आपल्याकडे 26 जानेवारी 2001 नंतर भुजला त्याने केलेल्या घरांत तर पडलेल्या घरांचाच राडारोडा जोत्यात घातला होता, मातीची जमीन केली आणि वर बांबूचं छप्पर. 2014 ला त्याला प्रित्झकर मिळालं, म्हणजे आर्किटेक्टांचं नोबेलच म्हणा. हे सगळं मला तेव्हापासून माहीत, पण माहीत असणं आणि राबिटचा डबा कमरेला लावून उचलणं यात फार फरक आहे हो.

आता फजितीही सांगते, नाहीतर म्हणाल काकू स्वतःचीच आरती ओवाळतायत. दुसऱ्या दिवशी रात्री पाऊस आला तो असा की विचारू नका. मी छपराला उतार दिला होता वीस फुटाला एक फूट. गच्चीच्या स्लॅबला आपण शंभराला एक देतो, त्या मानाने मला तो रग्गड वाटला होता. पण ताडपत्री म्हणजे स्लॅब नव्हे, ती दोन बांबूंच्या मध्ये झोळीसारखी लोंबते, तिथे पाणी साठतं, पाण्याच्या वजनाने आणखी लोंबते, आणखी पाणी साठतं. रात्री दोन वाजता चार मुलं झाडूच्या दांड्याने खालून ताडपत्री ढोसतायत, बदाबदा पाणी अंगावर, गणपतीवर प्लास्टिकची चादर धरून सेक्रेटरी बनियनवर उभे. सकाळी मधली रांग अडीच फूट उंच केली, ताडपत्रीखाली दोन-दोन फुटांवर बांबूच्या कामट्या टाकल्या, मग थेंब साठला नाही. ड्रॉइंगमधली चूक मी एरवी दुसऱ्यांच्या साइटवर फोनवरून ऐकायचे, यंदा डोक्यावर पडली.

भिंतींना कापड नव्हतं, झापं होती. आमच्याकडे माड आहेत, पडू नयेत म्हणून झावळ्या दरवर्षी उतरवतो आणि कचऱ्यात देतो. झावळी मधल्या दांड्यावर उभी चिरायची आणि पाती एकाआड एक विणत जायची, हे मला येतं कारण माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिकडे भातकापणी झाली की घरापुढचं खळं करायचं, माती टाकून चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायचं आणि मग मेढी पुरून, वर बांबू टाकून मांडव घालायचा. वाडीतली माणसं आज यांच्याकडे उद्या त्यांच्याकडे अशी फिरायची, पैशाचा विषय नाही, जेवण आणि चहा. त्या मांडवात सुपाऱ्या वाळायच्या, लग्नं लागायची, दुपारी म्हातारी माणसं पडून राहायची. मे संपता संपता पावसाआधी सगळं उतरवायचं, बांबू माळ्यावर आणि सुकलेली झापं न्हाणीच्या चुलीत. आम्ही याला काही नाव दिलेलं नव्हतं. ऑफिसात पुढे सस्टेनेबल, टेम्पररी, कम्युनिटी असे शब्द यायला लागले, तरुण आर्किटेक्ट मुलं परदेशी वर्कशॉपचे फोटो दाखवायची, त्यात सगळे मिळून बांबू बांधतायत, आणि मला वाटायचं की अरे हे तर आमचे अण्णा करायचे, फक्त त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

पण ही नुसती आठवणींची गोष्ट नाही म्हणून पाकिस्तानातल्या यास्मीन लारींचं नाव घेते. तिथल्या पहिल्या महिला आर्किटेक्ट, कराचीत काचेच्या आणि काँक्रीटच्या मोठमोठ्या इमारती बांधलेल्या, 2000 साली प्रॅक्टिस बंद केली आणि 2005 च्या भूकंपानंतर गावांत जाऊन बसल्या. सिंधच्या पुरानंतर बांबू, माती आणि चुना एवढ्यातच घरं, आणि ती लोकांनी स्वतः शिकून बांधायची, बायकांनी सुद्धा. ऐंशी ओलांडल्यावर 2023 ला आर्किटेक्टांसाठीचं ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं. फुकट तयार घर वाटत फिरण्यावर त्यांचा विश्वास नाही आणि मला ते आता पटतं, कारण आमच्या मंडपाचा सुंभ सैल झाला की यंदा कुणी फोन लावत बसलं नाही, खाली जाऊन आवळला.

आता आक्षेप. बांबू जळतो, खरंय. म्हणून वायर बांबूवरून नेली नाही, हॅलोजन लावलाच नाही, एलईडी, आणि आग विझवायचे दोन सिलिंडर. हे पंधरा बाय वीस फुटाच्या मंडपाचं सांगतेय. वीस फुटी मूर्ती, लाखाची गर्दी, स्टेज, तिथे इंजिनिअरचा दाखला घेऊन लोखंडच लावा, तिथे हौस करू नका. डेकोरेटरच्या पोटावर पाय येतो म्हणाल तर आम्ही मजुरी दिलीच की, फ्लेक्स आणि फोमला दिली नाही इतकंच. आणि बांबू तोडणं म्हणजे झाडं तोडणं असं एका काकांनी ऐकवलं, त्यांना सांगितलं की बांबू हे गवत आहे, कायद्याने त्याला उगाच झाड ठरवलेलं होतं, जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं ते 2017 ला काढलं. आमच्या राजापूरकडचा माणगा तर आतून जवळजवळ भरीव, बेटातले जून दांडे तोडले तरी नवे कोंब येत राहतात.

माझं मागणं खरं तर महापालिकेकडे नाही, तुमच्याकडे आहे. बहुतेक पेपर देखाव्यांच्या स्पर्धा घेतात, तुम्हीही घेता. परीक्षक चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी येतात, लाइटिंग बघतात, उंची बघतात, फोटो काढतात. तेच परीक्षक एकदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवा ना. काय उरलंय बघा, कुठे चाललंय विचारा, जमिनीला भोकं किती ते मोजा आणि मंडळातल्या किती जणांना एक तरी गाठ मारता येते ते तिथेच करायला लावून बघा. त्यावर अर्धे मार्क ठेवा. एका वर्षात मंडप बदलतात की नाही बघा, कारण ढाल मिळणार असेल तर आपली मंडळं काहीही करतात, हे तुम्हालाही माहितीय.

आमचं उरलं ते असं. झापं सुकवून सेक्रेटरींच्या गावी बंबात गेली, डबे पुन्हा रंगवाल्याकडे, राबिट गेटजवळच्या खड्ड्यात. बांबू मोजून परत दिले, एक कमी भरला, तो मुलांनी क्रिकेटचे स्टंप करायला पळवला होता, त्याचे पैसे भरले. काल-परवापासून बी विंगला परांची चढायला लागलीय आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर जो बांबू आलाय त्याला अजून जास्वंदीचं एक सुकलेलं फूल सुंभात अडकलेलं आहे.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)