विहिरी बुजल्या, डास गच्चीवर गेला

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की वॉर्डावॉर्डांतून धुराच्या गाडीची मागणी सुरू होते. धूर मारतो उडत्या डासाला, तोही वाटेत सापडला तर. टाकीतल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. यंदा धुराआधी माणसे गच्चीवर चढवावीत, एवढीच विनंती.

मुंबईत हा धडा जुना आहे. हिवताप म्हणजे दलदल, असा समज असताना शहरातल्या हिवतापाचा तपास करणाऱ्या डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात बोट ठेवले ते घरोघरच्या विहिरींवर. हिवताप पसरवणारा ‘ॲनोफिलिस स्टीफेन्सी’ डास गटारात नव्हे, स्वच्छ पाण्यात वाढतो. विहार तलावाचे नळाचे पाणी १८६० मध्ये आले, तानसा तलावाचे १८९२ मध्ये; तरी विहिरी राहिल्याच होत्या. त्या बुजवा किंवा झाका म्हटल्यावर हिंदू आणि पारशी दोघांनी हरकत घेतली, कारण धर्मकार्याच्या पाण्याला ऊन लागले पाहिजे. तोडगा निघाला तो बारीक जाळीच्या झडपेचा. (पाणी काढून झडप उघडी टाकली की सगळे मुसळ केरात, हे वेगळे सांगायला नको.)

आज तोच डास गच्चीवरच्या टाकीत आणि नव्या इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात आहे. टाकीला झाकण असते, पण बसत नाही. प्लंबर पाइप तोंडातूनच आत सोडतो, झाकण बोटभर उचललेले राहते, आणि मादीला तेवढी फट पुरते. पाइपसाठी टाकीच्या अंगाला वेगळे भोक पाडावे. ओव्हरफ्लो आणि हवेच्या नळीला दीड मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची स्टेनलेस स्टीलची जाळी हवी. साधी लोखंडी गंजून गळते. शेवाळाने जाळी तुंबली की कोणीतरी ती उपटून टाकतो, म्हणून ती धुण्यासाठी काढता येईल अशी क्लॅम्पने बसवावी.

उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा तपासणी आठवड्याचीच हवी. पंधरवड्याची केली तर मधल्या मध्ये एक पिढी उडून जाते. टॉर्च मारल्यावर अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी दिसली तर ॲनोफिलिसची. डोके खाली करून लोंबकळत असेल तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची किंवा क्युलेक्स या आणखी एका डासाची. नोंदवहीत दोन्हींना वेगळे रकाने असावेत.

नवा कायदा नको, १८८८ चा महापालिका कायदा लागू आहेच. नोटिशीत मात्र झाकण आणि जाळीबरोबर पक्की शिडीही मागावी. शिडी नसलेली टाकी तपासली गेली, असे धरू नये.

आपले,
सार्वजनिक आरोग्याचे काही अभ्यासक