श्रीलिपीची सीडी तुझ्याकडं आहे का?

सांगली, रविवार

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून ना पत्र ना फोन. रागावला असशील तर भेटल्यावर भांडून घे. माझी शुगर आटोक्यात आहे, हिचे गुडघे तसेच. आता मुद्द्याचं. दुकानातल्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. इथं ज्याला सांगतो तो म्हणतो, "जुनं डबडं ते, द्या की भंगारात." म्हणून तुला लिहितोय.

लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन एक गिऱ्हाईक आलं. त्याचा पेनड्राइव्ह लावला आणि संध्याकाळी बघतो तर डी ड्राइव्हवरच्या प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण. क्लिक केलं की काळी चौकट लखकन येऊन जायची. 'काकूंच्या ओव्या' या फोल्डरवर माऊस नेला तर साइज २ केबी. दिग्या, हातपाय गळाले माझे. तुझी आई दुकानात स्टुलावर बसून सांगायची आणि तू टाइप करायचास. जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवल्याशिवाय तिची पुढची ओळच निघायची नाही, आणि तू "आई, जरा हळू" म्हणून करवादायचास. ते सगळं २ केबीत?

आधी नेटची वायर उपटली. मग रिपेअरवाल्या पोराला बोलावलं. त्यानं काळ्या खिडकीत अ‍ॅट्रिबची कमांड मारली आणि सगळे फोल्डर जागच्या जागी परत दिसले. हा व्हायरस फाइली पुसत नाही, लपवून ठेवतो आणि त्यांच्या जागी स्वतःचे शॉर्टकट मांडतो. तो शॉर्टकट दाबला की तो पुन्हा चालू होतो आणि पुढच्या पेनड्राइव्हवर उडी मारतो. ओव्या आहेत, गड्या. रडू आलं मला त्या पोरासमोर.

बँकेचे पासवर्ड त्याच रात्री पोरीच्या लॅपटॉपवरून बदलले. त्या मशीनवर बसून बदलले असते तर नवेही व्हायरसच्या हाती लागले असते. अँटिव्हायरसनं साफ करून भागेल का, असं मी विचारलं. पोरगा म्हणाला, ओळखीचे व्हायरस तो काढेल, पण घरात शिरलेल्या चोरानं किल्ल्या पाडून नेल्यात का ते कसं कळणार? सगळं पुसून फॉरमॅटच मारावं लागेल. ६०० रुपये, उद्या संध्याकाळी मशीन तयार.

इथंच माझं घोडं अडलंय. फॉरमॅट मारलं की व्हायरस जाईल, पण पानं लावायचं पेजमेकर ७ आणि ज्यात ओव्या टाइप केल्यात ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, श्रीलिपी, तेही जाईल. आणि त्यावर परत विंडोज ७ च टाकायचं. त्याचे अपडेट जानेवारी २०२० लाच बंद झालेत. २०१७ सालचं वॉनाक्राय, ते फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं, आठवतंय ना? मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्ये दिली होती, मे महिन्यात जगभरची मशीनं कुलूपबंद झाली, आणि त्यातली बहुतेक दुरुस्ती न घेतलेली विंडोज ७ चीच होती. आता तर रोजची दुरुस्तीच येत नाही. व्हायरस काढून दार तसंच उघडं ठेवण्यात काय अर्थ आहे?

एकानं जुनं आय-५ मशीन दाखवलं, चौथ्या पिढीचं, विंडोज १० टाकून १२ हजारांत. दिसायला झकास. पण विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे १२ हजार घालून परत तिथंच. नवंकोरं ३८ हजारांच्या घरात जातंय. पण श्रीलिपी चालायला मशीनला जोडावं लागणारं लॉक जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टचं, आणि त्या नव्या मशीनला तो पोर्टच नाही.

तू म्हणशील, कुठल्याही मशीनवर वाचता येणारं युनिकोड घे म्हणून मी कधीचा सांगत होतो. होतास. पण तेव्हा सांगलीत कुठला छापखाना युनिकोडची फाइल घेत होता? पेजमेकरमध्ये मराठी युनिकोड धड उमटत नाही हे तुलाही ठाऊक होतं. त्या मुद्द्यावर मी आजही हटणार नाही. त्या भांडणापायी तू चार दिवस दुकानात पाऊल टाकलं नव्हतंस आणि पाचव्या दिवशी भडंगाची पुडी घेऊन आलास, तेही आठवतंय.

आणि भंगारात कसं देऊ? २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. दुकानातून सगळ्यात आधी तू हेच मशीन उचललंस, गल्ला राहिला खालीच. ओव्यांचे प्रिंटआउट पाण्यात लगदा झाले, ही एक फाइल तेवढी वाचली.

माझं मत असं बनलंय. व्हायरस लागला म्हणून मशीन टाकायचं नाही, त्यासाठी फॉरमॅट आहे. पण ज्या विंडोजची दुरुस्ती येत नाही त्याला नेट दाखवायचं नाही. म्हणून नवं मशीन घ्यायचं, कर्ज काढून का होईना, आणि बँक, ईमेल, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह सगळं त्यावर. जुनं फॉरमॅट मारून, श्रीलिपी टाकून, नेटशिवाय कोपऱ्यात ठेवायचं. त्यावर एकेक फाइल उघडायची आणि युनिकोडमध्ये आणायची. पहिल्या ओव्या. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार खातो, त्यामुळं प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागेल, आणि काकूंचे शब्द तुझ्याइतके कुणाला कळणार? फॉरमॅटच्या आधी डिस्क काढून रिपेअरवाल्या पोराच्या उबुंटूच्या मशीनला, म्हणजे विंडोज नसलेल्या मशीनला, लावून फक्त फाइली उतरवून घेतोय. डॉट-ईएक्सई, म्हणजे चालू होणारा प्रोग्राम, एकही नाही.

पण श्रीलिपीची मूळ सीडी इथं नाही. पुरानंतर तू साताऱ्याला नेलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत असावी. पिवळं पाकीट, त्यावर तुझ्या अक्षरात सिरियल नंबर. ती सापडेपर्यंत फॉरमॅट मारू देत नाही. नाहीच सापडली तर आहे ती डिस्क जशीच्या तशी क्लोन करून ठेवू.

वहिनींची बदली झाली का? सोनूचा बारावीचा निकाल ऐकला, फार आनंद झाला, त्याला सांग. घराच्या गिलाव्याचं भेटल्यावर बोलू.

बाळूमामा गुरुवारी साताऱ्याहून निघतोय. सीडी त्याच्याकडं दे, पुठ्ठ्यात घालून, वाकवू नको म्हणावं. आणि ट्रंकेत काकूंच्या हस्ताक्षराची वही निघाली तर तीही पाठव.

तुझा,
अरुण