ध्यान कर, पण बीपीची गोळी सोडू नको

पावस, जि. रत्नागिरी

चि. बायो हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास आणि मग आई जेवलीच नाही. मी जेवलो, पण रात्रभर डोळा लागला नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कागद घेतला.

शिबिर करून आलीस, रोज सकाळी ध्यानाला बसतेस, हे ऐकून किती बरं वाटलं ते सांगायचं राहूनच गेलं. आरतीला एका जागी न ठरणारी तू, पूर्णगडच्या खाडीत भरती-ओहोटी न बघता उडी टाकणारी. ती आमची पोर दहा दिवस मौन धरून बसली! आईने शेजारी दोन घरी जाऊन सांगितलं. मी सांगितलं नाही, पण मनातून सांगत होतो.

पण गोळी का गो सोडलीस?

ध्यानाने बीपी उतरत नाही असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. ताण आला की ॲड्रेनॅलिन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला जोर लावावा लागतो. डोळे मिटून श्वास मिनिटाला सहावर आणला की ती ओढ सैल पडते. हार्वर्डच्या डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात ध्यान करणाऱ्यांची मोजमापं घेतली, तेव्हा श्वास मंदावतो, शरीराला प्राणवायू कमी लागतो, हे दिसलं होतं. सगळं खरं. पण बीपी उतरतं किती? सरासरी बघितली तर वरचा आकडा चार-पाचने. तुझा पहिल्यांदा आला होता १६२/१०४. त्यातून पाच वजा करून बघ. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली ध्यानाबद्दल निवेदन काढलं, त्यातही ध्यान औषधोपचाराच्या जोडीला करावं असंच आहे. औषध टाकून द्या असं नाही.

आता १३० आलं म्हणून सोडली म्हणालीस. अगो, ते गोळी घेत होतीस म्हणून आलं असेल. ॲम्लोडिपीन, म्हणजे ही तुझी गोळी, अंगातून सावकाश उतरतं, त्यामुळे सोडल्यावर थोडे दिवस आकडा बराच दिसतो. मग चढतो, आणि चढताना डोकंसुद्धा दुखत नाही. पाय सुजतात ही तुझी तक्रार खरी आहे. त्या गोळीने सुजतात काहींचे. डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील. आपल्या मनाने बंद करायची नाही.

बघ, परत वर्गात शिरलो. रागावू नको. एवढी टीम सांभाळतेस, तुला मी काय शिकवणार. पण तुझे आजोबा, आपले आबा आठवतात, त्याला मी काय करू?

आबा आपल्या पावसच्या स्वामी स्वरूपानंदांना पाहिलेला माणूस. १९७४ साली स्वामी गेले, त्याआधी आबा कितीदा तरी त्यांच्या अनंत निवासात जाऊन बसायचे. पुढे सोऽहम् ध्यान कधी चुकलं नाही. पहाटे ओटीवर मांडी घातली की मांजर मांडीवर येऊन झोपायचं, तरी हालायचे नाहीत. त्यांच्यासारखा शांत माणूस मी दुसरा पाहिला नाही. काकांनी वाटणीचं काढलं त्या दिवशीही आवाज चढला नाही. आणि त्याच आबांचं अंगावरून वारं गेलं. खळ्यात सुपारी पसरत होते. उजव्या मुठीतल्या सुपाऱ्या गळल्या, ते वाकून डाव्या हाताने वेचायला लागले. मी म्हटलं, आबा, राहू दे. ते काहीतरी बोलले, ते शब्दच नव्हते. दवाखान्यात मोजलं तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या पुढे. त्याआधी कुणी मोजलंच नव्हतं. एवढ्या शांत माणसाला बीपी कुठलं, असंच सगळे समजून होतो. पुढची सगळी वर्षं धोतराची गाठ आई मारून द्यायची. तू लहान होतीस, तुला त्यांचा डावा हातच आठवत असेल.

म्हणून ओरडलो काल. मन निवलं म्हणून रक्तवाहिन्या निवतातच असं नाही, बायो.

मीठ तरी कमी कर. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सगळं धरून एक छोटा चमचा. आपल्याकडे सुकट, खारा बांगडा, लोणचं आणि कोकमाचं आगळ यांतच ते संपतं. आईने यंदा सोलं बिनमिठाची वाळवलीत, तुतारी एक्स्प्रेसने येणाऱ्याच्या हाती पाठवतो. जावईबापूंना सांग, मशीन आणा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बस, हात छातीच्या उंचीवर ठेव, दोनदा मोज. सकाळचं ध्यान झाल्यावरच तेवढं मोजू नको, तेव्हा बरं येणारच. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावरही मोज आणि वहीत लिही.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा पहाटे माझ्याबरोबर ओटीवर बस. तू शिकलीस तसं मलाही शिकव, मी मुकाट्याने ऐकेन.

यंदा हापूस लवकर आटोपला. मागच्या कलमावर थोडा उशिराचा आहे, तुझ्यासाठी काढला नाही.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर आणि ते काय म्हणाले ते मला रात्री कळव. कितीही उशीर होऊ दे, मी जागा आहे.

तुझा,
बाबा