आईच्या नावातल्या 'ळ'साठी

प्रिय मावशी,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे ठाऊक असून मराठीतच लिहितोय. 'थँक यू' तुम्हाला कितीदा म्हणून झालंय, पण घरी आलो की दर वेळी वाटतं, सांगायचं ते राहूनच गेलं.

एप्रिल २०२१ मध्ये तासगावला आई गेली. द्राक्षांची खरड छाटणी चालली होती. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत ती हातात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन बागेत उभी होती. इकडे ब्रिटनमध्ये कोविडमुळे भारताचं नाव प्रवासबंदीच्या लाल यादीत पडलेलं, तिकीट मिळेना, मिळालं तरी परत कधी येता येईल सांगता येईना. माझ्या तेव्हाच्या ऑफिसातून एका ओळीचा शोकसंदेश आला आणि त्याच्याच खाली विचारलं होतं, रिपोर्ट कधी देताय? ती दुसरी ओळ मला आजही टोचते.

दहाव्याला भावाने नदीवर फोन धरला. माझ्याकडे पहाटेचे साडेतीन. पिंडाजवळ कावळा उतरला आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. उजाडल्यावर घरात बसवेना. चालत सुटलो तो बाथ रोडवरच्या आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत शिरलो आणि राजा राममोहन रॉय यांच्या समाधीवरच्या दगडी छत्रीपाशी येऊन बसलो. या अख्ख्या शहरात आपल्याकडची वाटावी अशी ती एकच वास्तू. २७ सप्टेंबर १८३३ ला ते इथे ब्रिस्टलमध्ये गेले. आधी त्यांना ज्या घरी उतरले होते तिथल्याच बागेत पुरलं, दहा वर्षांनी या जागी आणलं. १८२९ च्या सतीबंदीचा धडा आम्ही शाळेत घोकला होता. त्यांच्या ब्राह्मो समाजाकडे पाहूनच १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज उभा राहिला, हेही शिकलो होतो. हा माणूस घरापासून इतक्या लांब एकटा झोपलाय, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

तुम्ही शेजारच्या कबरीवरची आयव्हीची वेल छाटत होतात. मला रडताना पाहून थांबलात. सिकेटर गवतावर ठेवलंत, हातमोजे काढलेत, दोन मीटरवर उभ्या राहिलात आणि विचारलंत, "कोण गेलं?" मी म्हटलं, आई. "त्यांचं नाव काय?"

आईच्या नावात 'ळ' आहे. तुमच्या जिभेला तो वळेना. 'ल' झाला, 'र' झाला. मी म्हटलं, राहू द्या, चालेल. तुम्ही म्हणालात, "नाही, नाव आहे ते. पुन्हा सांगा." किती वेळा सांगितलं कोण जाणे. शेवटी तुम्ही जीभ टाळ्याला लावून तो 'ळ' काढलात, अगदी आमच्या गल्लीतल्या बाईने हाक मारावी तसा. नदीवर कावळा शिवलेला मला दिसला नव्हता. तुमच्या तोंडून आईचं नाव ऐकलं आणि छातीवरचा दगड हलला.

पुढे येत राहिलो तेव्हा कळलं, की ही जागाही तुमच्यासारख्यांनीच वाचवली. १८३९ मध्ये सुरू झालेली ही ४५ एकरांची दफनभूमी खासगी कंपनीची. कबरींनी जागा भरली, उत्पन्न आटलं आणि मालकाला ती ओझं वाटू लागली. पुरलेल्या माणसांच्या डोक्यावर इमारती बांधायचे बेत झाले. झाडोऱ्याने दगड गिळले. १९९८ मध्ये फाटकाला कायमचं कुलूप लागायची वेळ आली, तेव्हा तुम्ही मंडळी तिथे जाऊन उभी राहिलात. ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या त्यांनी हात झटकले आणि ज्यांचा कागदोपत्री काही संबंध नव्हता ते पावसात पहाऱ्याला उभे! २००३ मध्ये नगरपालिकेने जागा ताब्यात घेतली, पुढे निधी आला, दुरुस्त्या झाल्या. ते सगळं इथे सांगत बसत नाही.

मला सांगायचंय ते तुमच्या हाताबद्दल. तुम्ही सरसकट साफसफाई केली नाहीत. पाखरांसाठी रान राखलंत आणि त्यातून दगड तेवढे अलगद मोकळे केलेत. वेल ओढून काढली तर दगडावरची अक्षरंही सोलून निघतात, म्हणून आधी बुडाशी कापायची, वाळू द्यायची, मग उचलायची, हे तुम्हीच शिकवलंत. इथल्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर यांची कबरही तुम्हीच दाखवलीत. मुलींच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या होत्या, हे मी तुमच्याकडून ऐकावं, याची लाज वाटली.

आज तिथे मुलं पळतात, कोणी डबा खात बसतं, कोणी माझ्यासारखं नुसतं बसून असतं. आमच्या गावाकडे पूर्वजांच्या समाध्यांवर बाभळी माजल्यात. तिथून जाताना आता नजर चुकवता येत नाही.

या वर्षी तासगावला जाऊन आलो. आईचं सिकेटर सोबत आणलंय, धार लावून. शनिवारी येतो. छत्रीमागच्या रांगेतली वेल आपण अर्धीच सोडली आहे.

तुमचा,
तासगावचा मुलगा