रविवारचं मोठं कोडं अन् पाणी कुठं मुरते

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू म्हणाली की न्यूयॉर्क टाइम्सचं रविवारचं ते इंग्रजीतलं मोठं शब्दकोडं अर्ध्याच्या वर जात नाही अन् मग तू सरळ उत्तरं उघडून पाहते. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून बोलता आलं नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळून राहिलं, म्हणून आज दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या हे लांबलचक टाइप करून राहिली. सावकाश वाच, ऑफिसमध्ये नको वाचू.

बेटा, उत्तरं पाहू नको. अडलं तर कोणाला विचार, नकाशा काढून पाहा, शब्दकोश पाहा, सोडून देऊन चार तासांनी परत घे, हे सगळं चालते, फक्त उत्तराचं पान तेवढं उघडू नको. साध्या कोड्यात उत्तर पाहिलं तर एका शब्दाची मजा जाते. पण ज्या कोड्याला विषय असते, वर नाव दिलेलं असते, त्यात मोठी गंमत एकाच जागी लपवलेली असते अन् ती तुला एकदाच सापडणार असते. ती दुसऱ्यानं दाखवून दिली की हातात नुसता कागद राहते.

तुला मागच्या महिन्यातलं सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. आपल्या पेपरची रविवारची पुरवणी पहिल्या एसटीनं येते हे तुला माहीत आहेच. त्यात विषय धरून मोठं कोडं होतं, वर नाव दिलेलं, 'कुठंतरी पाणी मुरतंय'. बस एवढंच, खाली आडवे शब्द, उभे शब्द. मी पुरवणी काउंटरवर काचेखाली नाही ठेवत, वजनकाट्याच्या बाजूला मोकळी ठेवते अन् शिसपेन्सिल दोरीनं बांधून ठेवते, म्हणजे येणारा-जाणारा हात लावू शकते.

पहिलं लागलं ते 'पंगतीत पाकात बुडालेला, पाच अक्षरं'. शेजारच्या मावशी साखर घ्यायला आल्या होत्या, त्यांनी पिशवी उघडतानाच गुलाबजाम म्हटलं. मग 'चैत्रात भर दुपारी पाळणा हलतो' म्हणजे रामनवमी, अन् 'या दिवशी चुलीवर तवा ठेवत नाहीत' म्हणजे नागपंचमी. तीनही मोठे शब्द असे फटाफट बसले की सगळे म्हणाले विषय सोपा आहे, सणवार अन् खाणंपिणं. मलाही तसंच वाटलं असतं, पण वरच्या नावाचा अन् सणाचा काही मेळ लागत नव्हता. कोडं करणारा उगाच नाव देत नाही, बरं का. नाव म्हणजे त्यानं तुझ्या हातात दिलेली पहिली किल्ली असते, ती शेवटपर्यंत मुठीतून सोडायची नाही.

मग 'संस्थेचा वाढदिवस, सहा अक्षरं'. तिथं दुसऱ्या घरात 'र्धा' आलेलंच होतं, कारण वरून खाली 'चढाओढ, दोन अक्षरं' असं होतं अन् ते सातवीतल्या पोरानं पेन घेता घेता स्पर्धा म्हणून भरून दिलं होतं. त्यावरून वर्धापनदिन निघालं. अन् इथं सणवारवाली गाडी अडली, वर्धापनदिन हा सणही नाही अन् खायचा पदार्थही नाही. दुपारपर्यंत ते तसंच पडून राहिलं. मी दाळीच्या पुड्या बांधून राहिली होती अन् डोळा त्याच चार ओळींवर.

तीनच्या सुमारास काटोलकडचे एक मामा आले, संत्र्याच्या मालासाठी सुतळी पाहिजे होती त्यांना. त्यांनी सहज पुरवणी फिरवून घेतली, वाचत वाचत गुलाबजामवर बोट ठेवलं अन् म्हणाले, "हे जाम तं आमची नदी आहे ना वो ताई." बस! मी सुतळीचं बंडल तसंच खाली ठेवलं. गुलाबजाममध्ये जाम. नागपंचमीत नाग, आपल्या नागपूरची नाग नदी. वर्धापनदिनात वर्धा, जी आपल्या जिल्ह्याच्या कडेकडेनं वाहते. रामनवमीत मधले दोन, मन, ती बाळापूरवाली, जिथं मन अन् म्हैस नद्यांच्या मधात किल्ला आहे. पाणी खरंच मुरलेलं होतं, शब्दाच्या पोटात. सगळं सकाळपासून डोळ्यापुढं होतं अन् कोणाला दिसलं नव्हतं.

आता पुढचं पाहा, यालाच मी विषयाचा उपयोग म्हणते. एक मोठा शब्द तेवढा उरला होता, 'काशीत हिचं देऊळ, सुगरणीलाही म्हणतात, चार अक्षरं', तिसरं घर 'पू'. तोपर्यंत कोणी सुगरणीवर अडून बसलं होतं, कोणी देवीची नावं घेऊन राहिलं होतं. पण आता नदी पाहिजे हे कळलं, 'पू' पासून सुरू होणारी, दोनच घरं उरलेली, मग पूर्णा सोडून दुसरं काय? अन्नपूर्णा! अन् शेवटच्या 'र्णा' वर येऊन संपणारा उभा शब्द 'मंडपाच्या खांबाला बांधलेला भोंगा' होता तो डेकोरेशनवाल्या पोरानं उभ्या उभ्याच सांगितला, कर्णा. कोड्यानं विषय दिला अन् विषयानं उरलेलं कोडं सोडवून दिलं, असं दोन्हीकडून ते बांधलेलं असते.

त्यावर अर्धा तास नुसती चर्चा. मामा म्हणत होते पूर्णा अन् मन बाकीच्यांसोबत बसत नाहीत, कारण वर्धेचं पाणी पैनगंगेला घेऊन, वैनगंगेला मिळून, प्राणहिता होऊन गोदावरीत जाते अन् शेवटी पूर्वेच्या समुद्रात, अन् पूर्णा मात्र मनचं पाणी घेऊन उलटी पश्चिमेला तापीकडे पळते. एकाच विदर्भातलं पाणी, दोन समुद्रांत. शाळेतले सर आले ते म्हणाले अडाण नदीही घेता आली असती, 'अडाणी' शब्द आहे ना. मी म्हटलं सर नाही घेता येत, शेवटी 'णी' आहे अन् नदीला 'ण' पाहिजे, मात्रा वेगळी झाली की घर वेगळं झालं. आपल्या मराठी कोड्यात हेच तर कठीण असते अन् मला तेच आवडते. इंग्रजीत एका घरात एक सुटं अक्षर, आपल्यात काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर बसते, अन् आडव्या शब्दाला जे पाहिजे तेच्या तेच उभ्यालाही पाहिजे. म्हणून 'र्धा' सारखं घर जुळलं की जीव कसा गार होते ते तुला शब्दात नाही सांगता येत.

तर तुझं उत्तरं पाहणं ऐकून मला काहून वाईट वाटलं ते कळलं ना? मामा यायच्या आधी मी शेवटच्या पानावरचं उलटं छापलेलं उत्तर पाहून टाकलं असतं तर ती दुपार झालीच नसती.

आता तुझ्या इंग्रजी कोड्याचं. तू म्हणाली त्यात अमेरिकेतले बेसबॉलवाले अन् टीव्हीवाले येतात, तुला कुठून माहीत असणार. बरोबर आहे, कोडं करणारा त्याच्या अंगणातलंच टाकणार, त्यात तुझ्या हुशारीचा काही संबंध नाही. पण ती नावं तुला येत नसली तरी त्यांना छेद देणारे शब्द येतात ना, ते भर, नाव आपोआप उभं राहते. अन् तू म्हणते रविवारचं सगळ्यात कठीण, तर तसं नाही. मी वाचलं त्यात न्यूयॉर्क टाइम्सचं सोमवारी सगळ्यात सोपं अन् शनिवारी सगळ्यात अवघड असते, रविवारचं साधारण बुधवार-गुरुवारच्या तोलाचंच, फक्त घरं जास्त. रोजचं १५ बाय १५ अन् रविवारचं २१ बाय २१. मोठं आहे म्हणून भिऊ नको, मोठं आहे म्हणजे शिरायला दारंही जास्त आहेत. जिथं येते तिथून शीर.

अजून एक पाहा, त्या कोड्याचा कागद उलटा धरला तरी काळी घरं जिथल्या तिथंच दिसतात, तसाच त्यांचा नियम आहे. म्हणून विषयाचे लांब शब्दही बहुतेक जोडीनं असतात, वरून तिसऱ्या ओळीत एक सापडला तर खालून तिसऱ्या ओळीत त्याच लांबीचा दुसरा असते. एक सापडला की लगेच त्याच्या जोडीदाराकडे जायचं. आपल्याकडच्या कोड्यांत असं असेलच असं नाही. अन् सूचनेच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं तर समज की सरळ अर्थ घ्यायचा नाही, तिथं शब्दाचा खेळ आहे. सूचना अनेकवचनी तर उत्तरही अनेकवचनी, सूचनेत शब्द तोडून, म्हणजे संक्षेपात लिहिला असेल तर उत्तरही तसंच तोडलेलं. छोटे छोटे शब्द परत परत येतात तेही पाठ होऊन जाते, तुझ्यात ओरिओ बिस्किट अन् एरी सरोवर, माझ्यात नग म्हणजे पर्वत, रव म्हणजे आवाज, तम म्हणजे अंधार. सुरुवातीला हेच घालून घ्यायचे, मग त्यांच्या खांद्यावर मोठे चढतात.

तुझे बाबा इकडं वेचणीच्या धांदलीत आहेत, बायका मिळत नाहीत, कापूस झाडावर फुटून राहिला, म्हणून त्यांना माझं हे कोडं पाहिलं की राग येते, वेळ घालवते म्हणतात. मी त्यांना म्हटलं, हे बोलणं जुनं आहे. सोनू ज्या पेपरचं कोडं सोडवते ना, त्याच पेपरनं १९२४ साली या कोड्यांना पापी नासाडी म्हटलं होतं. तेव्हा तिकडं भारी वेड लागलं होतं याचं, त्याच वर्षी कोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं अन् हातोहात खपलं. अन् मग महायुद्धात अमेरिका उतरल्यावर, घरात बसलेल्या माणसाचं मन कशात तरी गुंतायला पाहिजे म्हणून त्याच पेपरनं १५ फेब्रुवारी १९४२ ला रविवारचं कोडं सुरू केलं. मार्गारेट फारर नावाच्या बाई त्याच्या पहिल्या संपादक. बाई होत्या, हे मला भल्ली आवडलं. रोजचं तर १९५० मध्ये आलं, आधी रविवारचंच. अन् सगळ्यात पहिलं कोडं, आर्थर विन नावाच्या पत्रकारानं केलेलं, तेही न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या एका पेपरात २१ डिसेंबर १९१३ ला आलं, तो पण रविवार. चौकोनी नव्हतं, पतंगाच्या आकाराचं होतं अन् मधात रिकामी जागा. बाबा काही बोलले नाहीत, पण जाता जाता 'खत टाकायचं अवजार, तीन अक्षरं' असं काही आहे का म्हणून विचारून गेले.

म्हणून म्हणते, माणसाला विचार. उत्तराचं पान अन् माणूस यात फरक आहे. पान पूर्ण शब्द देऊन टाकते अन् गप्प बसते. माणूस आपल्याजवळचं एवढंसं देते, एखादी नदी, एखादा भोंगा, अन् ते कोड्यात कुठं बसवायचं ते तुलाच पाहायचं असते. तुझ्या रूमवर ती केरळची मुलगी आहे ना, तिला इंग्रजी गाण्यांचं माहीत असेल, ऑफिसमधल्या कोणाला क्रिकेट सोडून दुसरे खेळ माहीत असतील. रविवारी सकाळी स्क्रीन एकटीनंच घेऊन बसू नको, चौघींच्या मधात ठेव. जमलं तर एखादा कागदावर छापून घे, पेन्सिलनं भरायची मजा वेगळी, घर मोकळं ठेवून पुढं जाता येते अन् ते तुझी वाट पाहत राहते. रात्री झोपताना डोक्यात एखादी सूचना राहू दे, सकाळी दात घासताना शब्द येते, मला तर तूर निवडतानाच येतात.

मी तुझ्यासाठी एक लहानसं कोडं करून राहिली, मराठीतच. घरं आखून फोटो नंतर पाठवते, पण मोठे शब्द आत्ताच देते, बस त्यांनाच घेऊन विषय ओळख. नाव आहे 'पेरलं ते उगवतं'. पहिला, पोटभर जेवल्यावर तोंडावर दिसते, चार अक्षरं. दुसरा, पोलिस ठाण्यात शिपायाच्या वरचा, पाच अक्षरं. तिसरा, १९८२ साली वेगळा झालेला मराठवाड्यातला जिल्हा, तीनच. चौथा, सत्ता ज्याची त्याच्या काळाला म्हणतात, चार अक्षरं, अन् त्यात मला 'ज' नं सुरू होणारं ते लपवायला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तो नीट पाहा. चारही भरून झाले की प्रत्येकाच्या पोटात बघ आपल्या शेतातलं काय आहे.

उत्तरं मी पाठवणार नाही. रविवारी दुपारी तीननंतर फोन कर, तेव्हा दुकानात गर्दी नसते, मावशी अन् सर पण असतात, स्पीकरवर टाकते.

थंडी पडली असेल तिकडं, स्वेटर घाल. संत्र्याची पेटी सोमवारच्या ट्रॅव्हल्सनं पाठवून राहिली, रूमवर सगळ्यांना दे.

तुझी आई