प्रेस्कॉटचा मोडलेला हात आणि नसलेला बदली खेळाडू

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुखापत झाली तरी मैदान न सोडणाऱ्या खेळाडूंवरचा तुमच्या रविवार पुरवणीतला लेख वाचला, आवडला, पण इंग्लंडच्या ॲलन प्रेस्कॉटला (खेळ रग्बी लीग, म्हणजे रग्बीचाच १३ जणांचा प्रकार) त्यात जेमतेम चार ओळी मिळाल्यात आणि त्याही 'हात मोडला पण पठ्ठ्या खेळत राहिला' एवढ्यावरच आटपल्यात. का खेळत राहिला ते कुठेच नाही. खरी गोष्ट तर तिथेच आहे ना!

५ जुलै १९५८, ब्रिस्बेन, ग्रेट ब्रिटन विरुद्ध ऑस्ट्रेलिया, दुसरी टेस्ट. (हो, रग्बी लीगमध्येही ह्या दोन देशांच्या मालिकेला ॲशेसच म्हणतात, क्रिकेटवाल्यांनी दचकू नये.) पहिली टेस्ट ब्रिटन २५-८ अशी सपाटून हरलेलं, म्हणजे ही गेली की मालिकाच गेली. आणि मॅच सुरू होऊन चार-पाच मिनिटं होतायत न होतायत तोच ब्रिटनचा कॅप्टन प्रेस्कॉट याचा उजवा हात मोडला. प्रेस्कॉट प्रॉप होता, म्हणजे स्क्रममध्ये अगदी पुढच्या रांगेत, जिथे शेजारच्याला हाताने घट्ट धरून समोरच्यांना रेटायचं असतं. तिथे एक हात नुसता लोंबकळतोय. त्यात थोड्या वेळाने डेव्हिड बोल्टनचं कॉलरबोन मोडलं आणि त्याला बाहेर जावंच लागलं. व्हिन्स करॅलियस, जिम चॅलिनर, एरिक फ्रेझर हेही मार खाऊनच खेळत होते. तेव्हा बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. १३ जणांचा खेळ, बोल्टन गेल्यावर राहिले १२, कॅप्टनही गेला असता तर ११. समोर मात्र पुरे १३. आता सांगा, ह्या माणसाने काय करायचं? राहिला तो, जवळजवळ ७५ मिनिटं, एका हाताने टॅकल करत, म्हणजे बॉल घेऊन येणाऱ्याला धरून पाडत, आणि ब्रिटनने २५-१८ ने मॅच मारली. ॲलेक्स मर्फी त्या टीमचा स्क्रम-हाफ, म्हणजे स्क्रममागून बॉल उचलून खेळ पुढे नेणारा, वय फक्त १९, त्या दिवशी काय खेळला! मग सिडनीची तिसरी टेस्ट ४०-१७, मालिका खिशात, पण तिथे प्रेस्कॉट नव्हता, कारण अर्थातच हात.

त्याची हिंमत मी कमी लेखत नाही, उलट मला तर वाचतानाच कळ येते. पण आपण 'काय मर्द गडी' म्हणून टाळ्या वाजवतो आणि ज्या नियमाने त्याच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवला नव्हता त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे मला पटत नाही. गंमत म्हणजे हा खेळ जन्मालाच आला तो कामगारांच्या पोटाच्या प्रश्नावर. शनिवारी मॅच खेळली की मजुरी बुडायची, तिची भरपाई द्यायला रग्बीचे वरचे लोक तयार होईनात, म्हणून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. प्रेस्कॉटच्या काळातही तिथले बहुतेक खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करून खेळायचे, त्यांच्यासाठी मोडलेलं हाड म्हणजे बुडालेला पगार. बुडालेल्या मजुरीवरून उभा राहिलेला खेळ, आणि जखमी माणसाच्या जागी दुसरा उतरवायची सोय करायला त्याला इतकी वर्षं लागावीत?

दुसरं असं की ह्या एका मॅचने त्याचं बाकी सगळं करिअर गिळून टाकलंय. जन्म विडनेसचा, १९२७ चा. सुरुवात हॅलिफॅक्स क्लबकडून, तीही विंगर म्हणून! विंगर म्हणजे कडेकडेने सुसाट पळणारा, आणि प्रॉप म्हणजे मधोमध घुसणारा पहाड, एकाच माणसाने दोन्ही करायचं म्हणजे कल्पना करा. १९४९ मध्ये सेंट हेलन्स क्लबला आला, तिथे हळूहळू पुढच्या रांगेत सरकला आणि मग कॅप्टन झाला. १९५६ ची चॅलेंज कपची, म्हणजे क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेची फायनल, लंडनचं वेम्बली स्टेडियम, समोर कोण तर त्याचाच जुना क्लब हॅलिफॅक्स. सेंट हेलन्स १३-२ ने जिंकलं, क्लबचा पहिलावहिला कप, आणि मॅचमधल्या सगळ्यात भारी खेळाडूची लान्स टॉड ट्रॉफी प्रेस्कॉटला. प्रॉपला अशी बक्षिसं सहसा मिळत नाहीत, नाव होतं ट्राय मारणाऱ्यांचं, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवून गुण मिळवणाऱ्यांचं, म्हणून मला ब्रिस्बेनइतकीच ही ट्रॉफी मोठी वाटते. पुढे क्लबचा कोच झाला, १९६१ मध्ये पुन्हा वेम्बली, विगनला १२-६ हरवून पुन्हा कप. ह्यातलं एक अक्षर तुमच्या लेखात नव्हतं, जागा कमी पडली असेल समजू शकतो, पण मग फोटो तरी लहान करायचा होता.

आणि तो नियम? इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये बदली खेळाडू आले १९६४ मध्ये, तेही सुरुवातीला फक्त जखमी माणसाच्या जागी आणि हाफटाइमपर्यंतच. ब्रिस्बेननंतर सहा वर्षांनी.

आपला,
खेळाचं पान आधी उघडणारा एक वाचक